उत्तरवाऱ्याचा चेहरा

“मुखवटे खाली!”

लाव्हेर्न मास्तरांनी काठी फळ्यांवर आपटली आणि वाऱ्यांची सोंगं घेतलेल्या आठही नर्तकांनी डोक्यामागच्या फिती सोडल्या. कागदाच्या लगद्याचे, गाल फुगवलेले आठ मुखवटे रंगमंचाच्या कडेला ओळीने निजले. पॅरिसच्या बॅलेतून गेल्या वर्षी मुखवटे गेले होते, तेव्हा लियाँमधूनही ते गेलेच पाहिजेत, असं मास्तरांनी मनावर घेतलं होतं. “नर्तकाचा चेहरा बोलला पाहिजे,” आठवडाभर त्यांचं हेच पालुपद चाललं होतं. “नुसते पाय काय, घोड्यालाही असतात.”

व्हायोलिन सुरू झालं. आठ वारे उडाले, वळले, खाली आले, आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला.

आता बघा, ही माणसं वीस-वीस वर्षं मुखवट्याआड नाचलेली. नाचताना आपल्याला तोंडही असतं, हे कोणाच्या गावीच नव्हतं. दक्षिणवाऱ्याची जीभ दर उडीला बाहेर येत होती. पूर्वेचा वारा बाजारात भाजीच्या जुड्या मोजाव्यात तसा “एक, दोन, तीन” मोठ्याने मोजत होता. आणि शारोल, जो पश्चिमेचा मंद, सुगंधी वारा, तो दर गिरकीला आपल्या उजव्या गुडघ्याला अशी काही शिवी हासडत होता, की फुलं झालेल्या मुली ओंजळीत तोंड लपवून हसायला लागल्या.

“शारोल! तू वसंत घेऊन येतोयस की मारामारी करायला?”

“मास्तर, अठरा वर्षं देतोय शिव्या,” शारोल धापा टाकत म्हणाला. “आजवर एकाही प्रेक्षकाची तक्रार नाही.”

सगळे खो-खो हसले. मास्तरांनाही हसू आवरलं नाही. ते हसतच रांगेच्या टोकाला, उत्तरवाऱ्यापाशी आले आणि तिथे त्यांचं हसू हळूहळू विझलं.

उत्तरवारा म्हणजे जेर्वे बोद्री. वय पंचेचाळीस. फुलांचा सगळा बाग एका नाचात उद्ध्वस्त करणारा तो एकटा; बाकीचे सात वारे त्याच्या मागेपुढे. त्याच्या उड्या बघायला रेशीम विणणारे कारागीर माग सोडून यायचे. पण लाव्हेर्न मास्तर पॅरिसहून येऊन सहाच महिने झालेले. त्यांनी जेर्वेचे फक्त पाय पाहिले होते. तालमीलाही तो मुखवटा बांधूनच यायचा, तो जुन्यांचा शिरस्ताच होता.

“ओठ हलतायत तुझे,” मास्तर म्हणाले. “तूही शिव्या देतोस का?”

“नाही मास्तर. प्रार्थना.”

“काय?”

“नमो मारिये. मोजायला बरं पडतं. एका गिरकीला अर्धी, सगळा नाच दहा प्रार्थनांचा. अकरावी सुरू व्हायच्या आत मी विंगेत.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर हसले नाहीत. ते ओठ बघतच नव्हते आता. कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे व्रण होते, एकाला एक लागून, मोठ्या थेंबांचा पाऊस ओल्या वाळूवर पडून जावा तसे. डाव्या भुवईचा अर्धा भाग व्रणांनी खाल्ला होता.

“जेर्वे,” मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. खाली आणलेला आवाज सगळ्यांना नीट ऐकू जातो, हे त्यांना ठाऊक असावं. “तुझ्यासारखा उत्तरवारा अख्ख्या फ्रान्समध्ये नाही. पण बाबा रे, सज्जात बसणाऱ्या बायका जेवून येतात.”

मास्तरांनी काठी बगलेत घेतली.

“शनिवारी पडदा उघडतोय. तोवर चेहरा गुळगुळीत करून आण. सफेदा थाप, मेण भर, काय करायचं ते कर. नाही जमलं तर मागच्या ओळीत राहा, पडद्याकडे तोंड करून.”

“आणि उत्तरवारा?”

“शारोल करेल. शिव्या वगळून.”

जेर्वेने मुखवटा उचलला, फितीची गुंडाळी केली. मग शांतपणे म्हणाला, “मास्तर, चेहरा बोलला पाहिजे असं तुम्हीच म्हणता. माझा बोलतोच आहे. तुम्हाला ऐकायचं नाही, एवढंच.”

*

नाट्यगृहाच्या माळ्यावर शिवणकामाची खोली होती. तिथे पेरिन, जेर्वेची बायको, चार बायकांबरोबर वाऱ्यांचे पोशाख उसवत होती. मुखवट्यांबरोबर कमरेभोवतीचे वेताचे घेरही जाणार होते. पुरुष नर्तक इतकी वर्षं कमरेला टोपली पालथी घातल्यासारखे त्या घेरात नाचत. कोपऱ्यात वेताच्या कड्यांचा ढीग पडला होता आणि पेरिन त्याच्याकडे समाधानाने बघत होती. प्रत्येक प्रयोगानंतर ते घेर सरळ करायचं काम तिचंच होतं.

खालची बातमी जिन्यावरून जेर्वेच्या आधी वर पोचली होती.

“मग काय ठरलं?” तिने सुई न थांबवता विचारलं.

“काय ठरायचंय?”

“अहो, मास्तरांनी वाट तर ठेवलीये ना? लावू सफेदा. मी लावते. सगळेच लावतात, पोरी लावतात, शारोलभावजी लावणारेत. तुम्हालाच काय एवढं?”

“त्यांना आहे त्यावर लावायचाय. मला आहे ते बुजवायचंय.”

“शब्दांत पकडू नका मला,” पेरिन म्हणाली. “हिवाळा तोंडावर आलाय. पंचेचाळीस वर्षांच्या नाच्याला दुसरं कोण घेणार? नदीवर नावा ओढायला जाणार का, तुमच्या बाबांसारखं?”

घरी आल्यावर मात्र जेर्वे मुकाट्याने खिडकीपाशी बसला आणि तिने बोटांनी सफेदा लावला. आधी पातळ, मग दाट, मग वरून तांदळाची पूड. व्रण भरले. पेरिन दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून म्हणाली, “दिसत नाहीत हो!” तिच्या आवाजात असा आनंद होता, की जेर्वेला तिची कीव आली. तो उठला आणि एकच उडी मारून खाली आला. कपाळावरून एक पापुद्रा सुटला आणि नाकावरून घरंगळत जमिनीवर पडला. ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा जसा पडतो, तसा.

दोघं त्या पापुद्र्याकडे बघत राहिली. मग आधी पेरिनला हसू फुटलं आणि हसता हसता तिने डोळ्याला शालीचं टोक लावलं.

*

दुसऱ्या दिवशी मुखवटे करणाऱ्या रेमीकाकांनी त्याला बोलावून घेतलं.

रेमीकाका सत्तरीला टेकलेले. त्यांच्या खोलीत भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांवर तोंडंच तोंडं: लाल-रुपेरी भुतं, हिरवे जलदेव, तपकिरी वनदेव, गाल फुगवलेले वारे.

“ये,” म्हातारा म्हणाला. “साठ तोंडं आहेत बघ इथे, आणि एकालाही काम नाही. माझं धरून एकसष्ट.”

“तुम्हाला काढलं?”

“काढतायत कशाला? म्हणाले, फुलांच्या टोपल्या करा. भुतांचा देव होतो मी, जेर्वे, आता बुरूड झालो.” त्यांनी ओल्या फडक्याने झाकलेलं काहीतरी टेबलावर ओढलं. “ते असू दे. तुझ्यासाठी एक केलंय. कोणाला सांगू नकोस.”

फडकं बाजूला झालं. खाली एक चेहरा होता. तलम कापडाचे थर, त्यावर मेण, त्यावर कातडीच्या रंगाचा हात इतका हलका, की गालाखालून रक्त वाहतंय असं वाटावं. कड इतकी पातळ की केसांत आणि गळपट्ट्यात हरवून जावी. ओठांपाशी जागा मोकळी होती. चेहरा तरुण होता, देखणा होता. डावी भुवई पूर्ण होती.

जेर्वेला तो ओळखायला वेळ लागला.

झालं होतं ते असं. मुखवटा ज्याच्या त्याच्या मापाचा करायचा, म्हणून नवा नर्तक आला की रेमीकाका त्याच्या तोंडाचा चुन्याचा ठसा घ्यायचे. जेर्वेचा ठसा घेतला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी देवी आल्या. तीन आठवडे तो आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच खाटेवर तापाने फणफणत पडले. उठला तो एकटा. तो परत कामावर आला त्या सकाळी, कोणी काही बोलायच्या आत रेमीकाकांनी त्याच्या तोंडावर वाऱ्याचा मुखवटा बांधला आणि पाठीवर थाप मारून त्याला रंगमंचावर ढकललं. ते उपकार जेर्वे विसरला नव्हता. पण त्यानंतरचे सव्वीस वर्षांचे सगळे मुखवटे त्याच जुन्या ठशावर होत राहिले होते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“लाव,” रेमीकाका म्हणाले. “मास्तरच्या बापाला कळणार नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात तर तुझ्या आईलाही कळलं नसतं.”

जेर्वेने तो चेहरा दोन्ही हातांत घेतला. किती हलका होता! अठराव्या वर्षी आपण असे होतो? आरशात तेव्हा धड बघितलंही नव्हतं. वेळ कोणाला होता? पुढे आयुष्यभर हे तोंड आहेच, असं वाटायचं.

“काका,” तो म्हणाला, “हा पोरगा गेला हो. माझ्या भावाच्या शेजारीच गेला. मागे राहिलो तो मी. आता त्याच्या तोंडाने मी कसा नाचू?”

“अरे, तुझंच तोंड आहे ते!”

“माझं हे.” त्याने आपल्या गालावर चापट मारली. “देवाने मारायचं ठरवलं आणि मग मन बदललं, त्याची खूण आहे ही. मास्तरला किळस येऊ दे. मला तिची लाज वाटावी, असं मी काही केलेलं नाही.”

रेमीकाकांनी चेहरा परत घेतला, फडक्यात गुंडाळला. “फार चांगला झाला होता रे,” ते पुटपुटले. रागावले नव्हते. कारागिराला वाईट वाटतं तेवढंच वाटलं होतं.

*

त्या पंधरवड्यात वस्तीच्या चर्चमध्ये सेराफाँ नावाचे एक फिरते पाद्रीबाबा प्रवचनं करत होते. अनवाणी, दोरीचा कमरपट्टा, आणि गळा असा की सोन नदीवरचं धुकंही बाजूला व्हावं. ते नुसतं सांगत नसत, गाऊन सांगत. दोन वाक्यं बोलायची, की एक पद. ओळ ते म्हणणार, ती लोक उचलणार. सुतार, कोळिणी, रेशीम रंगवणारे हातभर निळे झालेले लोक, सगळे तोंड भरून गात. अशा गाण्यात बसलं की छातीतलं ओझं आपोआप हलकं होतं. जेर्वेने त्यांचं एकही प्रवचन चुकवलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी तो आणि पेरिन नेहमीसारखी शेवटच्या बाकावर बसली. रंगभूमीवरच्या माणसाला वेदीपाशी जाऊन प्रसाद घ्यायची बंदी होती. बसायला बाकाची हरकत नव्हती.

त्या दिवशीचा विषय नेमका रंगभूमी. बाबा रंगात आले. तिथली सोंगं, तिथले रंग, तिथे नाचणारे सैतानाचे पाय, असं सगळं त्यांनी नावानिशी काढलं. पेरिन मान खाली घालून बोटं मोडत होती. आणि मग बाबांनी मारियेचं नवं पद उचललं.

पहिल्याच ओळीला जेर्वे ताठ झाला. दुसऱ्या ओळीला त्याच्या टाचा बाकाखाली उचलल्या गेल्या.

“अहो, पाय!” पेरिन कुजबुजली.

“पेरिन, चाल ऐक.”

तिने ऐकली आणि तोंडावर हात ठेवला. उत्तरवाऱ्याची चाल होती. थोडी संथ केलेली, पण तीच. बाग उद्ध्वस्त करायची चाल, आणि तीनशे माणसं डोळे मिटून ती देवाच्या आईला वाहत होती.

प्रवचन संपल्यावर जेर्वे सरळ आतल्या खोलीत गेला, मागोमाग पेरिन. बाबा घाम पुसत होते.

“बाबा, ते शेवटचं पद. चाल कुठली?”

“आवडली? लोकांच्या तोंडी असलेली चाल घेतो मी, म्हणजे पद लवकर बसतं. कुठली ते नाही बुवा ठाऊक.”

“नाट्यगृहातली आहे. उत्तरवाऱ्याची. मी नाचतो तिच्यावर.”

बाबांचे कान लाल झाले. पण माणूस मोठा होता. ते हसले आणि म्हणाले, “मग चांगलंच झालं की. सैतानाच्या घरातून सोडवून आणली म्हणायची.”

“सोडवायची गरज नव्हती बाबा,” जेर्वे म्हणाला. “तिथेही ती मारियेच्याच नावाने चालली होती. सव्वीस वर्षं तिच्यावर मीच ‘नमो मारिये’ म्हणतोय. दर प्रयोगाला दहा.”

बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. व्रणांपाशी त्यांची नजर अडखळली नाही, हे जेर्वेच्या लक्षात आलं. मग ते मायेने म्हणाले, “मुला, एवढी भक्ती आहे तर तिथे कशाला राहतोस? एक ओळ लिहून दे, नाचणं सोडलं म्हणून. परवा रविवारी माझ्या हाताने तुला प्रसाद देतो.”

“एकदा दिलीये लिहून. लग्नाच्या वेळी. त्याशिवाय लग्न लावेनात. शनिवारी सोडलं, सोमवारी परत धरलं. सगळे असंच करतात.” जेर्वेने टोपी हातात फिरवली. “पण देवाला तसं खोटं लिहून दिल्याची टोचणी गेली नाही अजून. पुन्हा नाही देणार. मी शेवटच्या बाकावर बसेन, बाबा. तिथूनही तुमचं गाणं छान ऐकू येतं.”

घरी जाताना पुलावर धुकं इतकं दाट होतं, की खालच्या नावांचे नुसते आवाज येत होते. पुलाच्या मध्यावर पेरिन एकदम थांबली.

“त्याला तुमचं तोंड नको,” ती म्हणाली. “ह्याला तुमचे पाय नकोत. दोघांचं ऐकलं तर मी घरी काय घेऊन जायचं? टोपी?”

“अगं, बाबांचा राग नको करूस. गातात किती सुंदर!”

“गाऊ दे हो, गाऊ दे. मी काही म्हटलं त्यांना?” तिने शाल घट्ट ओढली आणि ती भराभर चालायला लागली. “उद्या लवकर निघा. पोशाख अंगावर शिवायला वेळ लागतो.”

*

शनिवारी चार वाजता शारोल पोशाख चढवायला माळ्यावर आला. चेहऱ्यावर चांगला बोटभर सफेदा थापलेला. मास्तरांनी सांगितलं होतं की उत्तरवाऱ्याचा पोशाख शारोलच्या मापाने सैल करा. शारोल म्हणजे आडवा गडी, जेर्वेच्या दीडपट.

पोशाख खुंटीवर होता. राखी-निळं रेशीम, खांद्यांवर पांढरी पिसं, छातीवर रुपेरी जर. सैल तो टीचभरही केलेला नव्हता. वर मानेपाशीची पिसांची उंच कॉलर, जी इतकी वर्षं मुखवट्याची कड झाकायची, ती कापून टाकलेली. गळा खुला, साध्या पट्टीने बांधलेला.

“वहिनी,” शारोल म्हणाला, “हे मला कसं व्हायचं?”

“व्हायचं नाहीच.”

“आणि कॉलर?”

“झाकायचं काही नसलं तर एवढा पिसारा कशाला?”

शारोलने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या जेर्वेकडे पाहिलं. जेर्वेच्या चेहऱ्यावर पाणी मारल्याची ओल होती, बाकी काही नव्हतं. शारोल खुर्चीत बसला. एक पाय उचलून मांडीवर घेतला आणि घोटा चोळायला लागला.

“मुरगळला,” तो म्हणाला.

“कधी?” जेर्वेने विचारलं.

“आत्ता. जिना चढताना. फारच मुरगळला बघ, तो उत्तरवारा काही मला झेपणार नाही. मी आपला पश्चिमेचाच. शिव्यांसकट.” मग सफेद्याखालून तो म्हणाला, “तुझा नाच मी करणार होतो, हे माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं मी, जेर्वे.”

नाट्यगृहातली रीत अशी, की प्रयोगाच्या दिवशी नर्तकाला पोशाखात घालून पाठीवरून शिवून टाकायचं. आकडे-गुंड्या उडीत निसटतात, टाका निसटत नाही. एकदा शिवला की माणूस प्रयोग होईपर्यंत त्या कपड्यातून बाहेर येत नाही. पेरिनने मेण लावलेला दुहेरी धागा घेतला आणि मानेपासून कमरेपर्यंत असे दाट टाके घातले, जसे नावेच्या शिडाला घालतात. धागा तोडला, कात्री उचलली आणि आपल्या पोलक्यात खोचली.

खाली विंगेत मास्तरांनी त्याला पाहिलं, तेव्हा वाद्यांचा मेळ लागत होता.

“हे काय आहे? शारोल कुठाय?”

“पाय मुरगळलाय,” शारोल मागून म्हणाला. तो मुरगळलेल्या पायावरच उभा होता.

“उतरव तो पोशाख!”

“शिवलाय, मास्तर,” पेरिन म्हणाली. “कापावा लागेल. तलम रेशीम आहे. कापला की मग तो कोणाच्याच उपयोगाचा नाही.”

“कात्री दे.”

“हरवली.”

मास्तरांचा चेहरा बोलत होता. अगदी त्यांना हवा तसा. “जेर्वे,” ते दातांवर दात रोवून म्हणाले, “या तोंडाने तू बाहेर गेलास, तर परत आत यायचं नाही.”

“बरं,” जेर्वे म्हणाला.

आणि त्याची चाल सुरू झाली.

पहिली उडी घेऊन तो उजेडात उतरला आणि क्षणभर गांगरला. मुखवट्याच्या दोन भोकांतून त्याला आजवर फक्त समोरच्या फळ्या दिसायच्या. त्याने प्रेक्षक कधी पाहिलेच नव्हते. आज अख्खं नाट्यगृह अंगावर आलं. सज्जात पंखे वर गेले, एका बाईने मान फिरवली. कुठेतरी कुजबुज, कुठेतरी हसू. पहिल्या ओळीतल्या व्हायोलिनवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा एक सूर सांडला.

नमो मारिये, कृपापूर्णे.

पिटातून, रंगमंचासमोरच्या उभ्या गर्दीतून, कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “अरे, याला देवी आल्या होत्या की!”

तेव्हा त्याने पिटाकडे पाहिलं. तिथे चारपाचशे माणसं उभी होती, खांद्याला खांदा लावून: विणकर, रंगारी, नावाडी, खाटीक. मेणबत्त्यांचा उजेड त्यांच्या वर उचललेल्या तोंडांवर पडला होता. आणि त्या तोंडांवर, इथे एका गालावर, तिथे एका कपाळावर, मागे एका जवान पोराच्या नाकापासून मानेपर्यंत, तेच व्रण होते. निम्म्या शहराला येऊन गेल्या होत्या. त्याला हे ठाऊक नव्हतं का? रोज बाजारात याच लोकांत तो वावरत होता. पण बाजारात माणूस भाजी बघतो. ही सगळी तोंडं एका वेळी, एका उजेडात, आपल्याकडेच बघताना त्याने कधी पाहिली नव्हती.

मग तो जो काही नाचला! सांगायचं तर एवढंच सांगता येईल, की ओठ त्याने लपवले नाहीत. बाग त्याने उद्ध्वस्त केला, फुलं जमिनीला टेकवली, हिवाळा आणला; आणि हे सगळं करत असताना तो उघड्या तोंडाने, सगळ्यांदेखत, देवाच्या आईला हाक मारत होता. चौथ्या प्रार्थनेला पिटातलं हसू थांबलं. सहाव्या की सातव्या प्रार्थनेला कोणाचा तरी पाय ठेक्यात जमिनीवर पडला, मग दुसरा, मग लाकडी जोड्यांचा असा आवाज उठला की वाद्यं बुडाली. शुक्रवारी चर्चमध्ये गायलेल्यांपैकी कोणाला चाल ओळखू आली असेल का, देव जाणे. सज्जात शांतता होती. पंखे वरच होते.

दहावी संपली तेव्हा तो विंगेत होता.

मास्तर तिथेच उभे होते. बाहेर पाय आपटणं थांबत नव्हतं, म्हणून त्यांना दोनदा बोलावं लागलं. “उद्यापासून यायचं नाही. दारावरच्या पाटीवरून नाव काढतोय मी.”

“काढा,” जेर्वे धापा टाकत म्हणाला. “नाव तिथे कोणी वाचत नव्हतं, मास्तर. तोंड मात्र आज बघितलंय.”

पेरिनने पोलक्यातून कात्री काढली, त्याला पाठमोरं उभं केलं आणि एकेक टाका कापायला लागली. तिला घाई नव्हती. एक टाका कापायचा, श्वास घ्यायचा, पुढचा कापायचा.

पडदा पडल्यावर तोंडं धुवायला नेहमीसारखी रांग लागली. मातीचं मोठं घंगाळ, आणि त्यात एकामागून एक वाकणारे वारे. सफेदा निघता निघत नव्हता. पाणी पहिल्या दोघांतच दुधासारखं झालं, मग चुन्यासारखं. जेर्वेचा नंबर आला तेव्हा शारोलने घंगाळ उचललं, मोरीत उपडं केलं आणि बादलीतलं ताजं पाणी त्यात ओतलं.

जेर्वे सदऱ्याच्या बाह्या वर करून वाकला. ओंजळीने पाणी घेऊन त्याने तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कपाळ, गाल, मान. घाम निघाला, दुसरं निघण्यासारखं काही नव्हतंच. घंगाळातलं पाणी हललं, मग निवळलं. तळाची, कुंभाराच्या बोटांची वेटोळी स्वच्छ दिसत होती.

“सरक आता,” मागून शारोल म्हणाला. “इथे माझ्या तोंडाची भिंत व्हायला लागलीये.”

जेर्वे सरकला.